कवटीच्या तळाशी दडलेला कॅन्सर

एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या की जळगाव जिल्ह्यातल्या पहूरचा माणूस आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतो. त्यात वावगं काही नाही. पण एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल, डोळा बाहेरच्या बाजूला वळत नसेल आणि सोबत डोकंही ठणकत असेल, तर दोष नसेत असू शकतो. डोळा बाहेर वळवणारी नस कवटीच्या तळाशी क्लायव्हस या हाडाला लागून वर चढते. तिथे कॉर्डोमा वाढला की अनेकदा पहिला दाब तिच्यावरच येतो.

हाडाचा हा दुर्मिळ कॅन्सर वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होतो. गर्भात पाठीच्या कण्याआधी नोटोकॉर्ड नावाचा मऊ दांडा तयार होतो. त्याच्या उरलेल्या पेशींतून पुढे कधीतरी ही गाठ उद्भवते. 1857 मध्ये रुडॉल्फ विर्चो यांनी क्लायव्हसवरच्या गाठींत बुडबुडे भरल्यासारख्या पेशी पाहिल्या आणि त्या कूर्चेच्या मानल्या. हा घोटाळा आजही होऊ शकतो. याच भागात होणारा कॉन्ड्रोसार्कोमा कूर्चेचाच असतो आणि एमआरआयवर दोन्ही बरेच सारखे दिसतात.

उलगडा झाला तो उंदराच्या शेपटीमुळे. 1927 मध्ये आखूड शेपटीच्या उंदरांचं वर्णन झालं आणि त्यावरून पुढे ब्रॅक्युरी या जनुकाला नाव मिळालं. नोटोकॉर्डच्या घडणीत हे जनुक मोलाचं. 2006 मध्ये त्याचं प्रथिन कॉर्डोमाच्या पेशींत सापडलं. आता बायोप्सीच्या तुकड्यात ते दिसलं, की दोन गाठी वेगळ्या ओळखता येतात.

उपचारात केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. सर्जन नाकातून दुर्बीण घालून जमेल तेवढी गाठ काढतात. पण शेजारी मेंदूचा देठ आणि मोठ्या रक्तवाहिन्या असल्यानं अनेकदा थोडी मागे उरते. मग किरणोपचार, रुग्णांच्या भाषेत ‘शेक’. गाठीला 70 ग्रेहून (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) जास्त मात्रा लागते, तर मेंदूच्या देठाला 54 ते 60 ग्रेच्या आसपासच सोसते. क्ष-किरण गाठीच्या पलीकडेही जातात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात. रॉबर्ट विल्सन यांनी 1946 मध्ये सुचवलेली ही पद्धत टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेक या केंद्रात 2023 पासून वापरात आहे.

जळगावला तपासणी आणि मुंबईला उपचार, अशा प्रवासात बायोप्सीच्या स्लाइड, मेणाचे ब्लॉक आणि एमआरआयची सीडी रुग्णाजवळ हवी. गाठ अनेक वर्षांनीही परतू शकते आणि त्या वेळी नव्या एमआरआयशी ताडून पाहायला जुना एमआरआयच लागतो.