सातबाऱ्याचा उतारा घरबसल्या

पनवेल तालुक्यांतील शिरढोण हें गांव सर्वांस ठाऊक आहे तें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मस्थान म्हणून. तेथील खातेदाराची नित्याची चिंता मात्र वेगळी: कर्ज काढावयाचें, तर सातबारा हवा. गांव नमुना सात हा हक्काचा व बारा हा पिकांचा. दोहोंचा मिळून हा उतारा. पूर्वीं त्यासाठीं तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतां येऊं लागला. फी १५ रुपये.

असा उतारा खातेदारास देण्याचे मार्ग दोन. एक, सही केलेली प्रत अगोदरच तयार ठेवणें. यांत काम झटपट होतें. पण मध्यंतरीं फेरफार मंजूर झाला, तर ती प्रत शिळी होते. वांटणी होऊन गेली तरी उताऱ्यावर जुनींच नांवें, आणि बँकेनें त्यावर कर्ज दिलें, तर भांडण कोर्टांत जावयाचें! दुसरा मार्ग असा, कीं मागणी येतांच सर्व्हरनें नोंदवहींतून मजकूर काढून तेथल्या तेथें पीडीएफ फाइल रचावी व धाडावी. फी भरल्याची खात्री मात्र सर्व्हरनें स्वतः करावी. ब्राउझरच्या शब्दावर विसंबूं नये.

फाइलीपुढें सर्व्हर एक लहानशी चिठ्ठी धाडतो. आंत काय आहे, तें नुसतें दाखवावयाचें कीं जतन करावयाचें, आणि कोणत्या नांवानें, हें तींत लिहिलेलें असतें. ही चिठ्ठी चुकली, कीं पडद्यावर अगम्य अक्षरांचा पसारा दिसतो. नांवाकडे तर पुष्कळ रचनाकार दुर्लक्षच करतात. गांव व गट क्रमांक नांवांत घातला नाहीं, तर चार उतारे एकसारखेच दिसतात व भलताच बँकेत जातो. देवनागरी नांव चिठ्ठींत घालावयाचें, तर तें ठराविक सांकेतिक रीतीनेंच लिहावें लागतें.

डिजिटल स्वाक्षरीचें बळ फाइलींतच असतें. सहीनंतर एक अक्षर बदललें, तरी ती जुळत नाहीं. परंतु फाइल कागदावर छापली, कीं हें बळ संपलें. उरतें तें स्वाक्षरीचें चित्र. म्हणून उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. छापील प्रत हातीं येतांच बँकेच्या कारकुनानें तो क्रमांक संकेतस्थळावर घालून मूळ प्रत ताडून पाहावी.