पिकत नाही तिथेच विकतं!

'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण ज्याने कुणी केली, तो सुरतेचा बाजार पाहून आलेला असणार. हिऱ्याची खाण इथे नाही. चांदी जमिनीत नाही. समुद्र म्हणावा, तर तोही शहराला लागून नाही, वीसेक किलोमीटर लांब. तरीही सतराव्या शतकात मुघलांचं सगळ्यात गजबजलेलं बंदर हेच होतं. कारण सुरतेकडे माल नव्हता, मालाची वाट होती!

नदी उलटी, नशीब सुलटं. गोदावरी आणि कृष्णा सह्याद्रीत जन्मतात आणि पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे निघतात. तापीचा हिशेब वेगळा. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, मग बऱ्हाणपूर, जळगाव, धुळे, नंदुरबार करत ७२४ किलोमीटरचा प्रवास, तोही पश्चिमेला. खानदेशातून कोकणातल्या बंदरावर माल न्यायचा तर घाट उतरणं आलं. सुरतेला जायचं तर तापीच्या खोऱ्याचा हात धरायचा, की झालं. त्यामुळे काळ्या मातीतला कापूस आणि बऱ्हाणपूरचं कापड बैलांच्या पाठीवरून आपसूक सुरतेला उतरायचं.

हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याच वाटेने गेला: बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर. हिरे पारखणाऱ्या या माणसाने नवापूरच्या तांदळाची मात्र तोंड भरून तारीफ करून ठेवली आहे. बारीक दाणा, शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा!

वाळूच्या आडोशाला साम्राज्य. तापीच्या मुखाशी गाळ इतका, की मोठी जहाजं आत येईनात. ती थांबायची जवळच्या सुवाळीला. तिथे किनारा आणि वाळूचा दांडा यांच्यामध्ये खोल पाण्याची चिंचोळी पट्टी होती. १६१२ मध्ये कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी याच पाण्यात पोर्तुगीजांना दमवलं, आणि लगेच सुरतेत इंग्रजांची वखार आली. १६१५ मध्ये इंग्लंडचा वकील सर थॉमस रो जहांगीरच्या दरबाराकडे निघाला, तोही सुवाळीलाच उतरला. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या बस्तानाचं श्रेय तलवारीला देतात. थोडं त्या वाळूच्या दांड्यालाही द्यायला हरकत नाही.

पोतोसीची चांदी, सुरतेचा रुपया. युरोपीयांना इथलं कापड आणि नीळ हवी होती. इथल्या व्यापाऱ्यांना युरोपातलं फारसं काही नको होतं. हवी होती चांदी. मग दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरातून आणि मेक्सिकोच्या खाणींतून निघालेली चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपात अर्धी पृथ्वी ओलांडून सुरतेच्या टाकसाळीत यायची, वितळायची आणि मुघल रुपया होऊन बाहेर पडायची. आजही सुरत चांदीच्या कामात आहे, फक्त आता ती जरीची तार ओढते. येवल्याची पैठणी मिरवताना पदरावर जो झगमगाट दिसतो, त्यातली जर बहुतेकदा सुरतेचीच.

तोफा नदीकडे, धोका मागून. सुरतेचा किल्ला १५४०च्या दशकात उभा राहिला तो पोर्तुगीजांच्या धास्तीने, म्हणून नदीकाठी. शहराभोवती मात्र जेमतेम मातीची भिंत. ५ जानेवारी १६६४ ला शिवाजी महाराज आले ते जमिनीवरून. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडं पडलं. गडगंज सावकार वीरजी व्होरा यांची पेढीही लुटीतून सुटली नाही. विटांचा कोट बांधायचं औरंगजेबाला सुचलं ते त्यानंतर. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं आणि त्यात सुरतेचा पैसा लागला, असं परंपरा सांगते. किनाऱ्यावरचं धन किनाऱ्याच्याच रक्षणाला, हा हिशेब महाराजांना शोभतो.

गाळाने घडवलेली मुंबई. खंभातची खाडी गाळाने भरत गेली आणि सुरत वर आली. पुढे तापीही गाळाने भरू लागली. शिवाय मुंबईचं बंदर खोल, आणि बेट असल्याने घोडेस्वारांची भीती नाही. १६८७ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने मुख्य ठाणं मुंबईला हलवलं. १७३६ मध्ये सुरतेचे पारशी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत गोदी उभारायला गेले. मुंबई म्हणजे सुरतेची सासरी गेलेली लेक; माहेरचं सगळंच घेऊन गेली.

नाव सुरतेचं, शिव्या लँकेशायरच्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसावर भागवावं लागलं. त्याला तिथे सरसकट 'सुरत' म्हणत, मग तो कुठल्याही शेतातला असो. धागा आखूड, सतत तुटणारा. गिरणी कामगार इतके वैतागले, की 'सुरत' म्हणजे हलका माल असं समीकरणच होऊन बसलं.

रांदेरला ब्रह्मदेश खा. तापीच्या पलीकडच्या काठावरचं रांदेर हे सुरतेच्याही आधीचं बंदर. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं. पुढे इथल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी रंगून गाठलं. व्यापार गेला, पण तिथलं खाणं घरी आलं: नूडल्स आणि नारळाच्या रश्शाचं खावसा आज रांदेरमध्ये रस्त्यावर मिळतं.

आणि हिरे? सौराष्ट्रात पाऊस दगा देतो. अमरेली-भावनगरकडच्या शेतकऱ्यांची पोरं कोरडवाहू जमीन सोडून सुरतेत आली आणि घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर बसली. खाण आफ्रिकेत, रशियात, कॅनडात; पण जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी आठ-नऊ पैलू पाडून घ्यायला इथेच येतात. डिसेंबर २०२३ मध्ये पेंटॅगॉनपेक्षाही मोठी हिरे बाजाराची इमारत उघडली: सुमारे ६७ लाख चौरस फूट. त्यातली बरीच दालनं सुरुवातीला रिकामीच राहिली. महिधरपुऱ्याच्या गल्लीत स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उलगडायची, चिमट्याने हिरा उचलायचा, डोळ्याला भिंग लावून भाव करायचा, ही सवय काचेच्या मनोऱ्यात कशी न्यायची?

इथे पिकून इथेच विकलं जाणारंही काही आहे. थंडीत तापीकाठच्या ज्वारीचा पोंक येतो. हा आपलाच हुरडा, फक्त सुरतकर तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात आणि उरलेल्याचे वडे तळतात. वड्यांच्या बाबतीत आपण हार मानावी.

पोऱ्या सुरतमा शे. धुळे-नंदुरबारकडे मुलगा काय करतो विचारलं, तर अहिराणीत हे उत्तर हमखास मिळतं. कापूस ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने माणसं गेली, आता भुसावळ-सुरत रेल्वेने. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथल्या यंत्रमागांवर आणि चाळींत खानदेश नांदतो. पालिकेच्या मराठी शाळाही आहेत. या रेल्वेवरचं नवापूर स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातमध्ये. फलाटावर एक बाक बरोबर सीमेवर आहे, त्यावर दोन्ही राज्यांची नावं रंगवलेली. सुरतेची गाडी यायला वेळ असेल, तर एका बाकावर दोन राज्यांत ऐसपैस पाय पसरून बसता येतं.