वेदनेचे देणे

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचे हे संध्याकाळी फिरून आले, दारात चप्पल काढली आणि सरळ आत येऊन बसले. मागून पाहते तर फरशीवर रक्ताचे ठिपके.

"अहो, पायाला काय लागलं?"

"कुठं काय? मला तर काही कळलं नाही."

चप्पल उलटी करून पाहिली. तळातून एक खिळा वर आला होता. एवढा रस्ता चालताना तो टाचेत रुतत होता आणि ह्यांना पत्ताच नव्हता. साखरेचा त्रास पंधरा वर्षांचा. डॉक्टर मागेच म्हणाले होते, पायांची संवेदना कमी होतेय. आम्ही "हो" म्हणून घरी आलो होतो. मी तर नर्स. निवृत्त झाले म्हणून काय झाले, शिकलेले विसरायचे?

त्या खिळ्याने मला चाळीसेक वर्षे मागे नेले. आपल्या भागात मिशनचा दवाखाना म्हटले की मिरज आठवते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे १८९४ साली इस्पितळ उघडले आणि आपल्या कितीतरी घरांतले आजारी तिकडे गेले. मी शिकले ते इस्पितळ वेगळे, पण तेही मिशनचेच. निघताना आजीने डोळ्याला पदर लावला होता. "बाटवतील पोरीला," एवढेच ती म्हणत राहिली.

आजीची भीती अगदीच निराधार नव्हती. मिशनच्या कामामागे धर्मप्रसाराचा हेतूही होता, हे इतिहासात लिहिलेले आहे. मीही तिथे सावधपणेच वावरत असे. प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायचे आणि मनात रामरक्षा म्हणायची.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार आला. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ही कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्या काळी पाय धुणे हे गुलामाचे काम, म्हणून शिष्यही संकोचले. चर्चमध्ये त्या दिवशी पाय धुण्याचा विधी होतो. आमच्या मेट्रनबाई मात्र घंगाळ घेऊन निघाल्या त्या कुष्ठरोग्यांच्या वॉर्डाकडे, आम्हा मुलींना मागे घेऊन. तेव्हा त्या रोगाला सगळे महारोगच म्हणत. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

बाई खाली बसल्या. एका म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेऊन धुतला, पुसला, उजेडात धरून बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग तळव्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "इथं हात लाव. गरम लागतंय ना? अजून जखम नाही, पण होणार. त्याला कळत नाही, म्हणून तू कळून घ्यायचं." प्रार्थना वेगळी आणि ड्रेसिंग वेगळे, असे त्यांच्या लेखी नव्हतेच. मी हात लावला.

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव मी प्रथम ऐकले ते त्यांच्याच तोंडून. १९१४ साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. या रोगात हातपाय आपोआप सडून झडतात, असा तेव्हा सर्वत्र समज होता. एकदा गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका कुष्ठरोगी मुलाने किल्ली सहज फिरवली; त्याचे बोट हाडापर्यंत कापले, तरी त्याला समजले नाही. मग ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचे कारण शोधू लागले. कुठे गरम भांडे, कुठे घट्ट पादत्राण. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत, म्हणून रुग्णांना मांजरे पाळायला दिली. रोग मज्जातंतूंना बधिर करत होता. पुढचा नाश होत होता तो दुखत नसल्यामुळे. आखडलेल्या बोटांना दुसरीकडचे स्नायुबंध जोडून ब्रँड यांनी कितीतरी हात पुन्हा कामाला लावले आणि पायांसाठी मऊ रबराच्या चपला करवून घेतल्या.

पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात समाजाला शरीराची उपमा आहे. जो अवयव दुबळा वाटतो त्याचाच मान जास्त राखावा, असा तिथला भाव. ब्रँड यांनी हे धर्मवचन चर्चमध्ये ठेवले नाही, ते पायाच्या तळव्यापर्यंत आणले. वेदना ही शिक्षा नसून निर्मात्याने दिलेले देणे आहे, असे ते सांगत आणि लिहीत. २००३ साली ते वारले.

नोकरीच्या काळात मात्र हा विचार मला अनेकदा टोचला. कर्करोगाने तळमळणाऱ्या बाईला वेदना हे देणे आहे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याचे उत्तर मला लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांच्या कामात मिळाले. त्याही श्रद्धाळू ख्रिस्ती. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरल्या वेळी द्यायचे, ही त्यांची रीत. श्रद्धा एकच, एकाने वेदनेची किंमत शिकवली, दुसरीने ती शमवली. कुठे काय करायचे हे ग्रंथ उघडून नव्हे, समोरच्या माणसाकडे पाहून ठरले. श्रद्धा आणि शुश्रूषा यांचा मेळ म्हणतात तो मला इथे दिसतो.

ह्यांची जखम भरायला दोन महिने लागले. पाय वाचला. आता मऊ रबराची चप्पल आणली आहे. कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकवलेले आज मधुमेह्यांच्या कामी येते आहे. ज्यांच्या घरी साखर आहे त्यांनी एवढे करावे: रोज रात्री तळवे आरशात पाहा, चप्पल घालण्याआधी झटका, आत हात फिरवा, अनवाणी चालू नका, पाय शेकू नका, पाण्याची ऊब दुसऱ्याला पाहू द्या. लहानशी जखमही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मी बाटले नाही. आजही देवघरात रामापुढे दिवा लावते. पण रात्री खाली बसून ह्यांचा पाय मांडीवर घेते तेव्हा मेट्रनबाईंची आठवण येते. पहिल्या दिवशी हे फार संकोचले होते. परवा मात्र पाय पाहून झाल्यावर म्हणाले, "आता तुझे दाखव."

"मला कुठं साखर आहे?"

"असू दे. दाखव."

आणि गुडघे धरत धरत हे खाली बसले.