निळ्या रक्ताचा पहारेकरी

सलाईनची बाटली निर्जंतुक केलेली असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु निर्जंतुक म्हणजे निर्धोक नव्हे! दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला जंतू मरतात. मात्र काही जंतूंच्या आवरणातील ‘एंडोटॉक्सिन’ हे विषद्रव्य त्या उष्णतेलाही दाद देत नाही. ते रक्तात गेले की रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो, प्रसंगी प्राणावर बेतते. हे डोळ्यांना न दिसणारे विष ओळखायचे कसे? पूर्वी औषध सशाला टोचीत आणि त्याला ताप येतो का, हे थर्मामीटर लावून तासन्‌तास पाहत बसत.

या कामी पुढे एक समुद्री प्राणी उपयोगी पडला. त्याचे कवच घोड्याच्या नालासारखे असते, म्हणून आपण त्याला नालखेकडा म्हणू. वस्तुतः तो खेकडा नव्हेच. त्याचे नाते विंचू-कोळ्यांशी जवळचे. त्याच्या कुळाचे सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत; डायनोसॉर त्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी आले. आपल्या रक्तात लोह असते, याच्या रक्तात तांबे. त्यामुळे हवा लागताच ते निळे दिसते. (याच्या डोळ्यांवरील संशोधनामुळे हार्टलाइन यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले; पण तो विषय निराळा.)

समुद्राच्या पाण्यात जंतूंचा सुकाळ, आणि या प्राण्याजवळ आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत. मग तो जगतो कसा? त्याच्या रक्तपेशींत बारीक कण भरलेले असतात. एंडोटॉक्सिनचा स्पर्श होताच त्यांतील द्रव्ये बाहेर पडतात, रक्त थिजते आणि जंतू त्या गोळ्यात अडकतात. हे थिजणे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. १९६४ मध्ये त्यांनी व जॅक लेव्हिन यांनी दाखविले, की पेशींचा नुसता अर्कही तसाच थिजतो. १९७७ मध्ये अमेरिकेत या चाचणीला मान्यता मिळाली.

चाचणी किती साधी! नळीत अर्क व औषध मिसळून ती ३७ अंशांवर तासभर ठेवायची, मग सरळ उलटी करायची. गोळा तळाशी चिकटून राहिला तर औषध बाद. मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम विषही यात पकडले जाते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

रक्त काढून प्राणी समुद्रात परत सोडतात खरे, पण त्यांतले काही मरतात. मासेमारीत आमिष म्हणूनही त्यांचा फार वापर झाला. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागराच्या किनाऱ्यावर त्याची झळ पक्ष्यांनाही बसली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे निघालेले ‘रेड नॉट’ मे महिन्यात तेथे उतरतात आणि या प्राण्याची अंडी खाऊन पुढील प्रवासाची चरबी साठवितात. अंडी घटली, तसे पक्षीही घटले.

सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात यावर मार्ग काढला. गोठण्याची सुरुवात करणाऱ्या प्रथिनाचे जनुक घेऊन त्यांनी ते प्रथिन प्रयोगशाळेत बनविले. युरोपच्या औषधसंहितेने २०२१ पासून ही रक्ताविना होणारी चाचणी स्वीकारली आहे. ज्या जातीचे जनुक त्यांनी घेतले, ती आपल्या सुंदरबनातील खारफुटीच्या चिखलातही राहते.