आई कोणती? हाडांना विचारा

१८८० साली इंग्लंडमधील एप्समची डर्बी 'बेंड ऑर' या घोड्याने जिंकली. दुसऱ्या आलेल्या घोड्याच्या मालकांनी तक्रार केली : हा बेंड ऑर नव्हेच, हा 'टॅडकॅस्टर', शिंगरे असतानाच दोघांची अदलाबदल झाली! पंचांनी तक्रार फेटाळली. पुढे या घोड्याचा वंश शर्यतीच्या घोड्यांत दूरवर पसरला, आणि शंकाही सोबत राहिली.

तिची तपासणी कशी करणार? दोघांचा बाप एकच, डॉन्कॅस्टर. फरक आईचा : बेंड ऑरची रूज रोज, टॅडकॅस्टरची क्लेमन्स. इथे पेशींतील तंतुकणिका उपयोगी पडतात. त्यांचे स्वतःचे डीएनए असते आणि ते आईकडूनच मिळते. त्यामुळे आई, मुलगी, नात असे ते जवळजवळ न बदलता उतरते.

लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात या घोड्याचा सांगाडा जपलेला होता. त्यातील डीएनए दोन्ही घोड्यांच्या मातृवंशातील हल्लीच्या घोड्यांशी ताडून पाहिले गेले. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ते रूज रोजच्या वंशाशी जुळत नाही, क्लेमन्सच्या वंशाशी जुळते. म्हणजे तक्रारीत तथ्य होते!

वंशावळीतली नोंद माणूस करतो, म्हणून ती चुकू शकते. आता आपण वर्गात विचारू या : वाद आईऐवजी बापाचा असता, तर ही तपासणी उपयोगी पडली असती का?