पिवळा मीटर खोटे कधी बोलतो?

छंद इलेक्ट्रॉनिक्सचा : लेखांक ९

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘एक साधा मीटर द्या’ म्हटले की दुकानदार पुढे ठेवतो तो पिवळा डीटी-८३०. किंमत दोनशे रुपयांच्या आसपास. याच्याबद्दल दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, खेळणे आहे, नादी लागू नका. दुसऱ्यांना डिस्प्लेवर ५.०३ दिसले की ते ५.०३च असते, त्यावर चर्चा नको. मला दोन्ही पटत नाही. हा मीटर त्याच्या किमतीच्या मानाने फारच खरा आहे. मात्र तो चुकतो त्या जागा आपण जिथे शोधतो तिथे नसतात.

आधी तो खरे का सांगतो ते पाहू. आत काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली जी चिप असते, तिचा आराखडा इंटरसिलच्या आयसीएल-७१०६ या १९७०च्या दशकातल्या चिपवरून आलेला आहे. मोजायच्या व्होल्टेजने ती एक कपॅसिटर ठरावीक वेळ, म्हणजे घड्याळाचे १००० ठोके, चार्ज करते. मग १०० मिलिव्होल्टच्या संदर्भ-व्होल्टेजने तोच कपॅसिटर रिकामा करते आणि त्याला किती ठोके लागले ते मोजून आकडा दाखवते. अनोळखी नळाने पिंप ठरावीक वेळ भरावे आणि धार ठाऊक असलेल्या तोटीने ते रिकामे करावे, तसे. पिंप लहान की मोठे, घड्याळ जलद की सावकाश, याने उत्तर बदलत नाही. भरतानाची चूक रिकामे करताना कटून जाते. म्हणून साधा कपॅसिटर आणि साधा ऑसिलेटर चालून जातो. नेमके असावे लागतात ते संदर्भ-व्होल्टेज आणि इनपुटचे विभाजक रेझिस्टर.

माहितीपत्रकात डीसी व्होल्टसाठी बहुधा ‘±०.५ टक्के ±२ अंक’ असे लिहिलेले असते. यातले ‘२ अंक’ लोक वाचतच नाहीत. २० व्होल्टच्या रेंजवर ५.०० दिसले, तर अर्ध्या टक्क्याचे ०.०२५ आणि शेवटच्या दोन अंकांचे ०.०२, म्हणजे ०.०४५ व्होल्ट इकडे-तिकडे. ७८०५ रेग्युलेटरला ४.८ ते ५.२ चालते, तेव्हा त्याची तपासणी करायला हा मीटर भरपूर झाला. चार्जर लिथियम सेलचे चार्जिंग ४.२० व्होल्टवर थांबवतो की नाही हे पाहायचे असेल, तर मात्र मीटरची चूकच ०.०४१ निघते. तिथे ४.२३ दिसल्यावर चार्जरला शिव्या घालू नयेत.

पण एवढ्या-तेवढ्या टक्क्यांनी छंदाच्या कामात फारसे बिघडत नाही. खरा घोटाळा मीटर सर्किटला जोडल्यावर होतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १ मेगओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा. मधल्या टोकावर ४.५ व्होल्ट असायला हवेत. डीटी-८३०चा इनपुट रेझिस्टन्स १ मेगओहम आहे. तो खालच्या रेझिस्टरला समांतर बसला की तिथे अर्धाच मेगओहम उरतो आणि मीटर ३.० दाखवतो. तेहतीस टक्क्यांची चूक! गंमत म्हणजे मीटर इथे खोटे बोलत नाही. त्या क्षणी तिथे खरोखरच ३ व्होल्ट असतात. प्रोब काढला की पुन्हा साडेचार. थोड्या महागड्या मीटरचा इनपुट १० मेगओहम असतो. तो याच जागी ४.२९च्या आसपास दाखवेल.

तुमच्या मीटरचा इनपुट किती आहे, हे घरीच कळते. आधी बॅटरी सरळ मोजा. मग लाल प्रोब आणि बॅटरी यांच्यामध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर घालून पुन्हा मोजा. रीडिंग निम्मे झाले तर इनपुट १ मेगओहम, ९.०० चे ८.१८ झाले तर १० मेगओहम. नवा मीटर घरी आला की पहिले काम हेच करावे, असे मी सुचवीन. मोसफेटचे गेट, मोठ्या किमतीचे टायमिंग रेझिस्टर, सेन्सरचे विभाजक अशा ठिकाणी हा आकडा ठाऊक नसेल, तर चांगले सर्किट बिघडले आहे समजून आपण तासन्‌तास त्यात डोके घालतो.

दुसरी ठरलेली जागा मीटरच्या पाठीमागे आहे: त्याची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी. संदर्भ-व्होल्टेज चिपच्या आतच तयार होते आणि पुरवठा ७ व्होल्टच्या खाली गेला की ते ढासळू लागते. ठोके मोजायची पट्टीच आखूड झाल्यामुळे आकडा वाढतो. संदर्भ १० टक्के खाली आला की रीडिंग ११ टक्क्यांनी वर जाते. म्हणजे बॅटरी मरायला टेकलेला मीटर तुमचा पुरवठा जोरात असल्याचे सांगतो. बॅटरीची खूण काही मीटरवर उशिरा उमटते, काहींवर नसतेच. सगळीच व्होल्टेज अचानक जास्त दिसू लागली, तर आधी मीटरची बॅटरी बदला.

पॅनेलवर बसवायचे लाल अंकांचे छोटे व्होल्टमीटर हे वेगळेच प्रकरण. यात बहुधा एक मायक्रोकंट्रोलर आणि त्याचा १० बिटचा एडीसी असतो. १०० व्होल्टचे १०२४ भाग केले की एक पायरी जेमतेम ०.१ व्होल्टची होते. तरीही १० व्होल्टखाली तो ऐटीत दोन दशांश स्थळे दाखवतो. दुसऱ्या दशांशाकडे काणाडोळा करावा. दोन तारांचा प्रकार मोजायच्या व्होल्टेजवरच चालतो, त्यामुळे कमी व्होल्टला तो विझतो आणि छोट्या बॅटरीवर ओझे होतो. पॉवर सप्लायसाठी तीन तारांचाच घ्या.

या मॉड्यूलच्या मागे एक छोटा ट्रिमपॉट असतो, डीटी-८३०च्या आतही असतो. दुसऱ्या स्वस्त मीटरशी जुळवायला तो फिरवू नका. कोणता खरा हे कसे ठरवणार? एडी-५८४ चिपचे मॉड्यूल घ्या. ते २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देते. चारही ठिकाणी चूक एकाच प्रमाणात दिसली, तरच ट्रिमपॉटला हात लावा. एखाद्याच ठिकाणी दिसली, तर तो आकडा कागदावर लिहून मीटरच्या पाठीवर चिकटवा आणि कामाला लागा.

राहिले १० अँपियरचे भोक, ज्यावर बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’ छापलेले असते. पुढच्या आठवड्यात करंट मोजू. तोवर लाल प्रोब तिथे घालू नका आणि हा मीटर घेऊन २३० व्होल्टच्या बोर्डाकडे फिरकू नका.