बुरशीवर बुरशीचा पहारा

शहरांतल्या घरीं रोज वरण शिजतें. पण ज्या शेतांतून तुरीची डाळ येते तेथें पीक ऐन फुलांत असतां काय गुदरतें, याची वार्ता डबा भरणाऱ्यापर्यंत क्वचितच पोहोंचते. काल हिरवेंगार दिसणारें झाड जमिनींत ओल असूनहि मान टाकतें, पानें पिवळीं पडतात आणि पाहतां पाहतां उभें झाड वाळतें. शेतकरी या रोगास ‘मर’ म्हणतात. नांव लहान, पण पुरेसें आहे. वाळलेलें खोड उभें चिरलें तर आंत काळपट रेघा दिसतात. फ्युझेरियम नांवाची बुरशी जमिनींतून मुळांत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवून टाकते. मग पानांवर कितीहि औषध फवारलें तरी व्यर्थ. पीक निघाल्यावरहि ती धसकटांत वर्षानुवर्षें दबा धरून बसते.

परंतु अशा बुरशींचे वैरीहि मातींतच नांदतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत रिव्हरसाइड येथें लिंबू-संत्र्यांच्या संशोधनकेंद्रांत रिचर्ड वाइंडलिंग हे शास्त्रज्ञ कोंवळीं रोपें कुजविणाऱ्या रायझोक्टोनिया बुरशीचा अभ्यास करीत होते. ट्रायकोडर्मा नांवाच्या दुसऱ्या बुरशीचे तंतु तिच्या तंतूंस, वेल कुंपणाला वेढतो तसे, विळखे घालतात व तिच्यावरच पोसतात, असें त्यांना सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें. १९३२ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. ती एक मारक द्रव्यहि स्रवते, हें त्यांनीं १९३४ सालीं दाखविलें. वास्तविक ट्रायकोडर्मा हें नांव पर्सून या पंडितानें १७९४ सालींच दिलें होतें. म्हणजे नांव ठाऊक होऊन एकशें अडतीस वर्षें लोटलीं, तेव्हां कोठें गुण कळला!

आज हीच बुरशी वाढवून शंखजिऱ्याच्या भुकटींत मिसळलेली पुड्यांतून मिळते. पेरणीपूर्वीं ती दर किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम चोळतात. बीं रुजतांच ती कोंवळ्या मुळांभोंवतीं पसरते आणि जागा व अन्न आधींच बळकावते; मागून येणाऱ्या शत्रूस शिरकाव कठीण होतो. ओलसर शेणखतांत मिसळून, कांहीं दिवस सावलींत मुरवून, तें खत शेतांत टाकण्याचीहि रीत आहे.

पुष्कळांचा घोटाळा होतो तो वापरतांना. पुडीवरील तारीख पाहायची नाहीं, ती उन्हांत पडूं द्यायची, तींतच रासायनिक बुरशीनाशक कालवायचें, आणि गुण आला नाहीं कीं बोल लावायचा तो बिचाऱ्या बुरशीला! पुडींतला जीव जिवंत असतो. कडक ऊन त्याला सोसत नाहीं, कोरड्या जमिनींत तो निपचित पडतो, आणि कार्बेन्डाझिमसारखें विष शत्रूबरोबर त्यालाहि मारतें. शिवाय रोग एकदां मुळांत शिरल्यावर त्याच्या हातीं फारसें उरत नाहीं. म्हणून त्याच शेतांत दरसाल तूर घेणेंहि टाळावें लागतें. ज्वारींत तूर मिसळून पेरण्याची जुनी चाल होती, तिनें मर कमी होते असें प्रयोगांतहि आढळलें आहे.

गच्चीवरच्या कुंडींत मिरचीचीं रोपें बुडाशीं कुजून आडवीं पडतात, त्यामागेंहि बहुधा रायझोक्टोनिया किंवा तिच्याच जातकुळीचे रोग असतात. तेथें माती भरतांनाच शेणखताबरोबर चिमूटभर भुकटी मिसळावी आणि कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें ठेवावें. पाणी तुंबलेल्या कुंडींत या पहारेकऱ्याचाहि इलाज चालत नाहीं.